सुई जवळ, कात्री सामानात

पिशवी यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यासमोर बसलेल्या तपासणी अधिकारी बाईंनी मान वर करून विचारले, "ही निळी पिशवी कोणाची?" आम्ही दोघी, सासू आणि सून, एकदमच पुढे झालो.

मे महिन्याची सुट्टी लागली होती. दोह्याला आमच्या नणंदेचे दिवस भरत आले होते. पहिल्या बाळंतपणाला आई जवळ असावी म्हणून अम्मींना घेऊन आम्ही निघालो होतो. निळ्या पिशवीत बाळाचे दुपटे होते, अर्धेमुर्धे शिवलेले. सोबत सुयांची डबी, दोऱ्याची रिळे, अंगुस्तान आणि कात्री.

कात्री मेरठची, पितळी मुठीची. अम्मींच्या आईने ती त्यांना लग्नात दिली होती. चौपन्न वर्षे ती त्यांच्या शिवणाच्या डब्यात होती. आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाचे पहिले झबले तिनेच कापलेले.

"आजी, सुया राहू द्या. कात्री नाही नेता येणार," त्या बाई मऊपणाने म्हणाल्या. मोठे सामान केव्हाच पुढे गेले होते. सोडायला आलेली मंडळी घरच्या वाटेला लागली होती. मागे फिरण्याएवढा वेळ नव्हता. "बेटा, ये मेरी अम्मी की कैंची है," अम्मी एवढेच म्हणाल्या, आणि तेही आम्हाला, त्या बाईंना नाही. मग त्यांनी पिशवीतला रुमाल काढला, कात्री त्यात नीट गुंडाळली, गाठ मारली आणि स्वतःच्या हाताने बाजूच्या डब्यात ठेवली. रुमाल कशाला, असे आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, "डबा रिकामा करणाऱ्याचा हात कापायला नको."

चूक सर्वस्वी आमची होती. काय न्यावे, काय नेऊ नये याची यादी तिकिटासोबत आलेली होती. वर्गात वीस वर्षे "आधी सूचना वाचा, मग पेपर सोडवा" असे सांगत आलो आणि स्वतःच्या वेळी सूचना वाचल्याच नाहीत. आमच्यासारखी चूक दुसऱ्या कोणा भगिनीकडून होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

गेलेली वस्तू काय होती

मेरठच्या कात्रीविषयी दोन शब्द सांगायला हवेत, म्हणजे अम्मी विमानात बसेपर्यंत गप्प का होत्या ते कळेल. मेरठमध्ये पिढ्यान्‌पिढ्या कात्र्या घडवल्या जातात. त्या घडवणाऱ्यांत आपल्या समाजातले कारागीर फार मोठ्या संख्येने आहेत. जुन्या गाड्यांच्या भंगारातले पोलाद तापवून, ठोकून त्यांची पाती बनतात. धार गेली की पुन्हा लावता येते, खिळा सैल झाला की ठोकून घेता येतो. त्यामुळे ही कात्री फेकायची वेळ सहसा येत नाही. "दादा ले, पोता बरते" असे तिच्याविषयी तिकडे म्हणतात. आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी. २०१३ साली या कात्रीला भौगोलिक मानांकनही मिळाले. बाजारात आज पन्नास रुपयांची कात्री मिळते, पण चार वर्षांत तिचा खिळा निसटतो आणि ती केराच्या टोपलीत जाते.

वस्तूवर जीव लावू नये हे आपण जाणतो. अम्मीही जाणतात. त्यांनी "इन्ना लिल्लाहि" म्हटले आणि विषय सोडला. पण त्यांचा हात सारखा पिशवीत जाऊन डबी चाचपत होता.

विमानातला दोरा

विमान वर गेले, पट्टे सोडायची खूण झाली आणि अम्मींनी दुपट्याचा तुकडा काढला. मुंबईहून दोहा म्हणजे साडेतीन-चार तासांचा प्रवास. एवढा वेळ हात रिकामे ठेवून बसणे त्यांना जमत नाही. पण पहिली अडचण लगेच आली. आतला उजेड पिवळट, अम्मींच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, आणि सुईचे नेढे काही सापडेना. आम्ही ओवून देऊ लागलो, पण आमचा चष्मा वरच्या कप्प्यातल्या बॅगेत राहिला होता.

खिडकीजवळ बाविशीतला एक मुलगा बसला होता. लातूर जिल्ह्यातला. पहिल्यांदाच परदेशी निघालेला, हातात कामाच्या कराराची प्लॅस्टिकची फाइल घट्ट धरलेली. बराच वेळ तो बघत राहिला. मग म्हणाला, "द्या आजी, मी ओवतो." त्याने दोरा ओठांत ओला केला आणि एका झटक्यात सुई ओवून दिली. "घरी मलाच ओवाव्या लागतात. माय वाकळ शिवते."

टाका संपला की दोरा तोडायचा प्रश्न. कात्री नाही आणि अम्मींचे समोरचे दात बसवलेले! दोन वेळा आम्ही दाताने तोडला, मग तेही काम त्या मुलाकडे गेले. दुपट्यातला हिरवा तुकडा आमच्या दिवंगत सासऱ्यांच्या लुंगीचा होता, पांढरा अम्मींच्या ओढणीचा. त्या मुलाने एकेका तुकड्याविषयी विचारले आणि अम्मींनी सांगितले. उतरायच्या वेळी तो म्हणाला, "मायनं मला वाकळ द्यायला काढली होती. मीच नको म्हणालो, वजन होईल म्हणून." अम्मींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. विमान उतरले आणि तो कामगारांच्या रांगेत दिसेनासा झाला.

तेव्हा आमच्या मनात आले, की हातातले शिवण हे विमानात नेण्याजोगे काम आहे. ते माणसाला शांत ठेवते, शेजाऱ्याशी बोलायला निमित्त देते, आणि पोहोचल्यावर हातात काहीतरी तयार असते. फक्त ते नेण्याची रीत हवी.

सदाशिव पेठेतला माडीवरचा वर्ग

परत आल्यावर ही हकीकत आम्ही बाईंना सांगितली. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या निवृत्त सहकारी. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या माडीवर त्यांचे बिऱ्हाड. विश्रामबागवाडा ओलांडून आत वळले की दहा मिनिटांत त्यांचा जिना. शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा आम्ही तिथे शिवायला बसतो. अम्मीही रिक्षाने येतात. या पेठेला नाव आहे सदाशिवरावभाऊंचे. १७६१ साली पानिपतावर भाऊंचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता आणि त्याने शेवटपर्यंत साथ सोडली नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाई हे अम्मींना दर दोन महिन्यांनी एकदा तरी ऐकवतात, आणि अम्मी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकतात.

बाई गोधडी शिवतात सुती नऊवारीची. वापरून वापरून साय झालेली लुगडी एकावर एक अंथरायची, मध्ये जुन्या चादरी, वर रंगीत तुकडे, आणि मग कडेपासून धावदोरा घालत घालत, चौकोनामागे चौकोन करत मध्यापर्यंत यायचे. अम्मींची रीत जवळपास तीच, पण त्या कोपऱ्यावर त्रिकोणी घडीचे तुकडे बसवतात. आजोळी पाहिलेले. बाई म्हणतात, "कोपरे तुमचे, मधले माझे."

कोपऱ्यावरच्या या फुलांवरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदूही आहेत. तिथल्या बायका जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. त्यासुद्धा कडेपासून सुरुवात करून मध्यापर्यंत येतात. चारही कोपऱ्यांवर घडीची फुले लावल्याशिवाय त्यांची कवंदी पुरी होत नाही. फुले नसली तर ती उघडी दिसते असे त्या मानतात. मुसलमान बायकांच्या कवंदीत कधी चंद्रकोर येते, ख्रिस्ती बायकांच्या कवंदीत क्रूस. अमेरिकेतले कलेचे अभ्यासक हेन्री ड्रेवल यांच्या मदतीने २००४ साली या बायकांची एक सहकारी संस्था उभी राहिली आणि त्यांच्या कवंद्या परदेशातल्या प्रदर्शनांत पोहोचल्या. चिंध्यांचे काम म्हणून आपण ज्याला कमी लेखतो, त्याने किती लांबचा प्रवास केला पाहा.

बाईंचाही प्रवास ठरला होता. वाडा पाडून तिथे इमारत होणार होती. बिऱ्हाडकरूंनी दिवाळीपर्यंत जागा सोडायची होती. बाई मुलाकडे अमेरिकेला सहा महिन्यांसाठी जाणार होत्या. वाड्यातल्या शेवटच्या गोधडीचे काम त्यांनी काढले होते आणि ते अर्धे राहिले होते. "प्रवास वीस-बावीस तासांचा. तेवढ्यात कितीतरी होईल. पण तुमच्या अम्मींसारखं माझं व्हायला नको," त्या म्हणाल्या. मग आम्ही तिघींनी वही घेतली आणि सगळे नीट लिहून काढले. तेच पुढे देत आहोत.

नियम काय सांगतात

आपल्या देशात विमानात काय न्यायचे हे नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो ही सरकारी संस्था ठरवते. विमान कंपन्या त्यानुसार याद्या देतात. या याद्यांत कात्री, चाकू आणि धारदार पाती हातातल्या बॅगेत नेण्यास मनाई असलेल्या वस्तूंत दिसतात. म्हणून भारतातून निघताना नियम साधा ठेवावा: कात्री कितीही छोटी असो, ती मोठ्या सामानात. तिथे ती कायदेशीरपणे जाते आणि सुखरूप पोहोचते.

परदेशांत थोडा फरक आहे. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर धारदार वस्तूंवर कडक बंदी आली. डिसेंबर २००५ मध्ये ती थोडी सैल झाली. आता तिथे खिळ्यापासून टोकापर्यंत ४ इंचांहून कमी पात्याची कात्री हातातल्या बॅगेत चालते आणि शिवणाच्या सुयाही चालतात. पण पाते आत लपवलेले गोल दोरा-कापणी यंत्र चालत नाही, आणि कापड कापायची फिरती चकतीही नाही. त्या मोठ्या सामानात घालाव्या लागतात. ब्रिटनमध्ये कात्रीच्या पात्याची मर्यादा ६ सेंटिमीटर आहे.

पण फसगत इथेच होते. "तिकडे चालते" म्हणून इकडून नेली, तर इकडचा नियम आधी लागू होतो. मध्ये विमान बदलायचे असेल तर तिथेही पुन्हा तपासणी होते आणि तिथला नियम वेगळा असू शकतो. बाईंचे विमान आखातात बदलणार होते. म्हणजे तीन देशांचे नियम. तिन्हींत जो सर्वांत कडक, तोच आपला मानायचा.

सुईचे म्हणाल तर आमच्या दोन्ही वेळच्या प्रवासात ती अडली नाही. पण तपासणीला बसलेल्या अधिकाऱ्याचा शब्द शेवटचा असतो, हे लक्षात ठेवावे. म्हणून ज्या सुईवाचून रडू येईल अशी सुई हातात नेऊ नये. दाभण आणि गादीची लांब सुई तर नकोच. साध्या धावदोऱ्याच्या पाच-सहा सुया पुरतात. निघण्याच्या आदल्या दिवशी विमान कंपनीची यादी एकदा पाहावी, कारण नियम बदलतात.

घरी करायची तयारी

अख्खी गोधडी विमानात काढता येत नाही. ती दोन-तीन किलोंची सहज होते, आणि हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी ७ किलोंची मर्यादा असते. शिवाय खुर्ची जेमतेम सतरा-अठरा इंच रुंद. म्हणून गोधडीचे चौकोन करायचे. बाळाचे ३६ इंचांचे दुपटे असेल तर ९ इंचांचे १६ चौकोन होतात. शिवणीसाठी चारी बाजूंनी पाव इंच जास्त धरून कापावेत. प्रत्येक चौकोनात वरचा तुकडा, मधला थर आणि खालचे अस्तर घरीच कच्च्या टाक्याने जोडून घ्यावे. विमानात फक्त धावदोरा घालायचा. चौकोन एकमेकांना जोडायचे काम मुक्कामी पोहोचल्यावर. अम्मींनी दहा चौकोन घरी केले होते आणि सहा बरोबर घेतले होते. जाताना त्यांचा दीड चौकोन झाला. कमी वाटेल, पण त्या दीड चौकोनात लातूरच्या त्या मुलाने तोडलेले दोरे आहेत.

दुसरे, दोरा. कात्री नाही म्हणजे कापायची वेळच येऊ द्यायची नाही. घरी बसून हातभर लांबीचे तीस-चाळीस दोरे कापून घ्यावेत. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, त्याच्या कडेला खाचा पाडा आणि एकेका खाचेत एकेक दोरा अडकवा. गुंता होत नाही. दोरा संपत आला की मागच्या बाजूला गाठ मारून बोटभर शेपूट तसेच ठेवायचे. मुक्कामी पोहोचल्यावर सगळी शेपटे एकदम कापायची. बाई म्हणाल्या, "एवढं सोपं होतं तर दात का झिजवले?"

तिसरे, ज्यांची नजर अधू आहे त्यांनी सगळ्या सुया घरी, दिवसाच्या उजेडात ओवून घ्याव्यात आणि डबीतल्या कापडाला ओळीने टोचून ठेवाव्यात. चष्मा वरच्या कप्प्यात ठेवू नये, हे तर आम्ही शिकलोच! काळ्या किंवा गडद निळ्या कापडाचे काम विमानात नेऊ नये. अंधुक उजेडात टाका दिसत नाही. फिक्या कापडावर ठळक दोरा घ्यावा.

चौथे, सगळे साहित्य एका पारदर्शक पिशवीत घालून हातातल्या बॅगेच्या अगदी वर ठेवावे. विचारले तर सरळ सांगावे, "हाताने शिवायचे काम आहे, कात्री नाही." वाद घालू नये, लपवू नये. बुरख्यात किंवा हिजाबात असल्याने आपल्याकडे जास्त बारकाईने बघतील अशी भीती आपल्या काही भगिनींना वाटते. पिशवी नीट लावलेली असली आणि उत्तर सरळ असले की त्या भीतीचे कारण कमी होते. आमचा तरी अनुभव तसा आहे.

पाचवे, मोठ्या सामानात कात्री ठेवताना तिची पाती जाड कापडात किंवा पुठ्ठ्याच्या म्यानात घालून दोऱ्याने बांधावी. सामान उघडून तपासणारा हात कोणाचा तरी असतो.

बसल्यावर

विमान वर जाताना आणि उतरताना सुई डबीत. हवा खराब असेल आणि विमान हलत असेल तर सुई डबीत. जेवण आले की सुई डबीत. शिवताना कोपर शेजाऱ्याच्या बाजूला किती जाते याचा अंदाज घ्यावा आणि बसल्या बसल्या त्याला विचारावे, "तुम्हाला चालेल ना?" शक्य असेल तर ज्या हाताने शिवतो तो हात वाटेच्या किंवा खिडकीच्या बाजूला येईल अशी जागा घ्यावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे: सुया मोजून न्याव्यात, मोजून परत ठेवाव्यात. सहा नेल्या तर उतरण्यापूर्वी सहा मोजल्याशिवाय उठू नये. खुर्चीत पडलेली सुई आपल्यानंतर बसणाऱ्याला लागते, कदाचित मांडीवरच्या लेकराला. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हाही सदका आहे, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना देतो. मग अशी वस्तू आपणच मागे सोडून येणे कसे चालेल? हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, फक्त मोठ्या व्यवहारांत नसतात. ते एका सुईतही असतात. डब्यात टाकायच्या कात्रीला रुमाल गुंडाळणाऱ्या अम्मींनी हे आम्हाला न बोलता शिकवले.

उमराह आणि हजच्या प्रवासासाठी

आपल्या घरांतून विमानाचा पहिला प्रवास बहुधा उमराह किंवा हजसाठी होतो, म्हणून याविषयी वेगळे सांगतो. उमराहमध्ये सई झाल्यावर केस कापावे लागतात. पुरुष मुंडण करतात किंवा केस बारीक करतात, स्त्रिया बोटाच्या पेराएवढे केस कापतात. त्यासाठी कात्री लागणार हे माहीत असल्याने पुष्कळ भगिनी ती जवळच्या पर्समध्ये ठेवतात, आणि तपासणीत ती जाते. ही कात्री विमानात लागत नाही. ती मक्केत लागते. म्हणून मोठ्या सामानात, म्यान घालून.

पुरुषांचा इहराम म्हणजे दोन न शिवलेल्या चादरी. त्यामुळे "इहरामच्या प्रवासात सुई-दोरा हातात घ्यावा का?" असे आम्हाला एका पालक भगिनीने विचारले. पुरुषांना बंदी आहे ती अंगाच्या मापाने शिवलेले कपडे घालण्याची. स्त्रिया इहराममध्ये आपले नेहमीचे शिवलेले कपडेच घालतात. शिवणकामाची मनाई नाही. तरीही तो वेळ तलबिया आणि दुआचा आहे. जाताना डबी बंद ठेवावी आणि परतीच्या प्रवासात उघडावी, हेच आम्हाला शोभते असे वाटते. मसल्याची शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

फाटके जोडणे

गोधडी शिवताना आमच्या जवळच्या एका तरुण शिक्षिकेने विचारले होते, "आता सगळं विकत मिळतं, मग चिंध्या कशाला जोडायच्या?" प्रश्न योग्य आहे. पण आपले प्रेषित (स.) आपले कपडे स्वतः सांधत आणि पादत्राणेही स्वतः दुरुस्त करत, हे हजरत आयशा (र.) यांच्याकडून आपल्यापर्यंत आले आहे. हजरत जैनब बिन्त जहश (र.) आपल्या हातांनी कातडे कमावत, शिवत आणि मिळालेले अल्लाहच्या वाटेत देऊन टाकत. खलिफा असताना हजरत उमर (र.) यांच्या अंगरख्याला ठिगळे होती. ठिगळाची लाज वाटावी असे आपल्या परंपरेत काही नाही. महाराष्ट्राच्या मातीतही नाही. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत, ते अंगावरच्या चिंध्यांच्या गोधडीमुळेच.

विकतच्या दुलईत ऊब असते. पण सासऱ्यांच्या लुंगीचा हिरवा तुकडा तिच्यात नसतो. आमच्या नणंदेचे बाळ त्याच्या आजोबांना कधी पाहणार नाही. त्या हिरव्या तुकड्यावर मात्र ते रोज झोपते.

अमानत

ऑक्टोबरच्या शेवटी बाई निघाल्या. आदल्या संध्याकाळी आम्ही माडीवर गेलो तेव्हा भांडी खोक्यांत गेली होती आणि भिंतीवर फोटोंचे फिके चौकोन उरले होते. पलंगावर बाईंची पारदर्शक पिशवी तयार होती. आठ चौकोन, सहा ओवलेल्या सुया, लग्नपत्रिकेवर चाळीस दोरे. एका चौकोनाच्या कोपऱ्यावर अम्मींनी बसवलेले पांढऱ्या ओढणीचे फूल होते.

"कात्री कुठे?" अम्मींनी पहिले तेच विचारले.

बाईंनी कपाटातून एक कात्री काढली. काळ्या मुठीची, जुनी, तीही मेरठची. "म्यान शिवून ठेवलं होतं, सामानात घालायला," त्या म्हणाल्या. "पण मुलगा म्हणतो, तिकडे घरात दोन कात्र्या आहेत. वाडा तर राहणार नाही. ही तुमच्याकडे राहू दे."

अम्मी तयार नव्हत्या. दुसऱ्याची एवढी जुनी वस्तू कशी घ्यायची? बराच वेळ "नाही हो" आणि "घ्या हो" चालले. शेवटी अम्मी म्हणाल्या, "देणगी नको. अमानत म्हणून ठेवते. मे महिन्यात आलात की परत घ्यायची."

"बरं, अमानत," बाई म्हणाल्या.

आता ती कात्री अम्मींच्या डब्यात वेगळ्या कप्प्यात आहे. अम्मी तिने काही कापत नाहीत. अमानतीची वस्तू वापरायची तर मालकाची परवानगी लागते, असे त्यांचे म्हणणे. आम्ही बाईंना फोन करून हे सांगितले. तिकडून बाई आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, परवानगी आहे. आणि महिन्यातून एकदा तेलही द्या म्हणावं. गंजली तर मे महिन्यात मी भांडेन."

त्या संध्याकाळी अम्मींनी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब कात्रीच्या खिळ्यावर सोडला, दोनदा उघडझाप केली आणि नणंदेच्या बाळासाठी आणलेले झबल्याचे कापड पुढे ओढले.